नोटवर सही माझी होती

मम्मी, तू गेलीस त्याला चौदा वर्षं झाली. दर नोव्हेंबरात मावशी मला तुझ्या कबरीवर मेणबत्ती लावायला बोलावते आणि मी दर वेळी काहीतरी कारण काढते. यंदा मी गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. गुडघा दुखत नाही. माझं तुझ्याशी भांडण आहे, आणि ते मावशीच्या देखत, हातात मेणबत्ती धरून करता येत नाही. म्हणून इथे बसून करते आहे.

पप्पा गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. वर्षाच्या आत तू दुबईला गेलीस आणि मला वसईत मावशीकडे ठेवलंस. दोन वर्षांतून एकदा महिनाभर यायचीस, बॅगेतून साबण, चॉकलेटं, दुधाच्या पावडरीचे डबे काढून वाटायचीस, आणि मला तुझ्या वासाची सवय होईस्तोवर परत जायचीस. मी एकोणीस वर्षांची झाले, कॉम्प्युटर हार्डवेअरचा कोर्स केला, तेव्हा तू मला बोलावून घेतलंस. साइटवर माणसं पुरवणाऱ्या ज्या कंपनीत तू सेक्रेटरी होतीस तिथेच तुझ्या शब्दावर मला कॉम्प्युटर सांभाळायचं काम मिळालं, व्हिसाही त्यांनीच काढला. एअरपोर्टवरून येताना टॅक्सीत तू मला पहिली गोष्ट सांगितलीस ती अशी: "ऑफिसात मला मम्मी म्हणायचं नाही. मॅडम म्हण." अकरा वर्षांनी मला आई मिळाली, आणि सकाळी आठ ते संध्याकाळी सहा ती मॅडम होती.

घरीही फार फरक नव्हता. दुबईच्या करामा भागातल्या फ्लॅटचं किचन आपण दोन मल्याळी नर्सबरोबर वाटून घेतलेलं. तू गॅससमोर माझ्याकडे पाठ करून उभी आहेस, सुकट परततेस आणि न वळता मला दुरुस्त करतेस: बटाट्याची साल जाड काढलीस. मॅनेजरसमोर खांदे पाडून उभी राहिलीस. एकदा मुहैस्नाहच्या कामगार कॅम्पातून गुहागरकडचा एक फिटर आईच्या आजारपणासाठी सुट्टीचा अर्ज टाइप करून घ्यायला आला होता. तुला वेळ लागणार होता म्हणून मी त्याला खुर्ची दिली. संध्याकाळी याच किचनमध्ये तू मला झापलंस: आज एकाला बसवलंस, उद्या दहा येऊन बसतील, आणि मॅनेजर मला विचारेल. तुझ्या सगळ्या बोलण्याच्या शेवटी तो मॅनेजर असायचा.

पण त्या फिटरचा अर्ज तू केलास, आणि तो टाइप होताना मी बघत उभी राहिले, हेही खरं. तुला अरबी कळत नव्हतं. वाचता यायचं, अर्थ लागायचा नाही. तरी इमिग्रेशनची, लेबर ऑफिसची, हॉस्पिटलची सगळी पत्रं तू एका जुन्या डॉसच्या प्रोग्रॅमवर अरबीत टाइप करायचीस. साचे ठरलेले, नावं आणि नंबर तेवढे बदलायचे. निळ्या पडद्यावर उजवीकडून डावीकडे अक्षरं एकमेकांना जोडली जात पळायची, आणि तू कीबोर्डकडे बघायचीसुद्धा नाहीस. आमच्या मुलींमध्ये एवढं कुणाला येतं, असं तू एकदाच म्हणाली होतीस, आणि ते मला नाही, त्या नर्सना.

दोन हजार दोनमध्ये कंपनीने हजेरीचा नवा प्रोग्रॅम घेतला आणि ऑफिसातली बारा मशिनं रडायला लागली. मॅनेजरने मला बोलावून विचारलं, काय करायचं ते लिहून दे. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं महत्त्वाचं काम. मी सुट्टीचे दोन-तीन शुक्रवार चर्चमधली मिस्सा संपल्यावर बर दुबईतल्या कॉम्प्युटरच्या गल्लीत दुकानं पालथी घातली. दोन वाटा होत्या. आहेत तेच मदरबोर्ड ठेवून मेमरीच्या, म्हणजे जुन्या एसडी रॅमच्या, पट्ट्या वाढवायच्या, नाहीतर बोर्ड आणि प्रोसेसरसकट सगळं बदलून नवी डीडीआर रॅम घ्यायची. जुन्या पट्टीला खाली दोन खाचा, नवीला एक, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसतच नाही. जुनी घेतली की काम उद्यापासून चालू, पण त्या बोर्डांना पुढे वाढ नाही, आणि वर्षभरात ती पट्टी बाजारात शोधावी लागणार. नवी घेतली तर त्रास एकदाच. मी हाताने दोन पानांची नोट लिहिली आणि शेवटी स्पष्ट म्हटलं, नवी घ्या.

मॅनेजरला ते लेटरहेडवर टाइप केलेलं हवं होतं, आणि ऑफिसातलं सगळं टायपिंग तुझ्याकडे. तू दुपारी चार-पाच कागदांबरोबर ते माझ्यासमोर ठेवलंस आणि म्हणालीस, "यल्ला, चल, सही कर, सर निघालेत." मी वाचलं नाही. आईने टाइप केलेलं कोण वाचतं? आठवड्याने दुकानातून खोका आला तो जुन्या पट्ट्यांचा. मला वाटलं मॅनेजरने माझं ऐकलं नाही. मी एकेका मशिनमध्ये त्या पट्ट्या बसवल्या. तुझ्याही. मी टेबलाखाली वाकले होते आणि तू पाय बाजूला घेऊन बसली होतीस.

वर्ष झालं नाही तोच हजेरीच्या प्रोग्रॅमची पुढची आवृत्ती आली आणि मशिनं पुन्हा अडकली. आता सगळंच बदलावं लागणार होतं. मॅनेजर भडकला. त्याने फाइल मागवली, फाइल घेऊन तूच आत आलीस. त्याने नोट माझ्यापुढे सरकवली. पहिली दीड पानं माझी होती, शब्दन् शब्द. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की जुने बोर्ड ठेवून एसडी रॅम वाढवणं योग्य. खाली माझी सही.

"साइन तो तुम्हारा ही है?" मॅनेजरने विचारलं.

मी तुझ्याकडे पाहिलं. ऑफिसात पहिल्यांदाच म्हटलं, "मम्मी, सांग ना."

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. त्याच्याकडे बघून म्हणालीस, "सर, अभी सीख रही है."

खलास. महिन्याच्या आत माझा व्हिसा कॅन्सल झाला. एअरपोर्टवर तू मला सोन्याची एक नाजूक चेन दिलीस, गळ्यात घालायला हात पुढे केलेस, आणि मी ती तुझ्या हातातून काढून पर्समध्ये टाकली. मावशीच्या मुलीच्या लग्नात मी ती तिला देऊन टाकली. तू विचारलंस तेव्हा हरवली म्हणून सांगितलं.

पुढे तिकडे काय झालं ते मला ऑफिसातल्या एकीने फोनवर सांगितलं. बारापैकी अकरा मशिनं नवी आली. तुझं जुनं मशीन कोपऱ्यात तसंच ठेवलं, अरबी पत्रांसाठी. तू आणखी सहा वर्षं त्यावर काम केलंस आणि वेळेवर रिटायर होऊन वसईला आलीस.

आल्यावर तिसऱ्या दिवशी मी विचारलं. तू ओटीवर बसून मासळी साफ करत होतीस. नाकारशील असं वाटलं होतं. तू नाकारलं नाहीस. हातातली सुरी न थांबवता म्हणालीस, "नव्या मशीनवर माझं अरबी चालत नव्हतं. तुला दुसरी नोकरी मिळाली असती. मला पन्नाशीत कोण घेणार होतं?" आणि मग, "मिळाली ना तुला?" मिळाली होती, अंधेरीत, बरी होती. म्हणून मला उत्तर देता आलं नाही, आणि त्याचा राग मला तू केलेल्या गोष्टीपेक्षा जास्त आला. त्यानंतर आपण जेवणाखाणाचं, औषधांचं तेवढं बोललो. तू आजारी पडलीस तेव्हा मी सगळं केलं. एकदाही हात हातात घेतला नाही. तू माफी मागशील म्हणून मी शेवटपर्यंत थांबले होते आणि तू तशीच गेलीस. त्यासाठी मी तुला सोडणार नाही.

मावशीला मी हे कधीच सांगितलं नाही. सांगितलं तर ती माझीच बाजू घेईल, आणि मग मला उरलेलंही सांगावं लागेल. नोट लिहायच्या आधी, एकदा जेवणाच्या सुट्टीत, मी तुझा प्रोग्रॅम फ्लॉपीवर घेऊन बर दुबईच्या दुकानातल्या नव्या मशीनवर चालवून पाहिला होता. अक्षरं सुटी सुटी आली, आणि उलटी, डावीकडून. दुकानदार म्हणाला, एक पुराना मशीन रख लो. नोटमध्ये तेवढी एक ओळ घालावी हे मला सुचलं होतं, मम्मी. मी मुद्दाम घातली नाही.