सर्व रहिवाशांच्या वतीने

केम्निट्झ,
५ डिसेंबर

प्रिय श्री. ओपित्स,

नमस्कार. तुम्ही रोस्टॉकला नीट रुळला असाल आणि तिथला समुद्रावरचा वारा तुमच्या छातीला मानवत असेल, अशी आशा आहे. तुमचा पत्ता मला पहिल्या मजल्यावरच्या ग्लेझरांनी त्यांच्या वहीतून काढून दिला. तुम्ही घर सोडून दीड वर्ष उलटलं, तरी ओबोत फुंकायच्या पत्त्या विकणाऱ्या त्या दुकानाची सूचीपत्रं अजून इथेच येतात. मी ती फेकली नाहीत. सोबत तीन पाठवते आहे.

इमारतीत सगळे ठीक आहेत. जिन्याला नवा रंग लागला. निवडला होता पिस्त्याचा, उतरला इस्पितळाचा. ग्लेझरांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. ते म्हणतात, "रंग बरा आहे. घसरून पडलो तर आपण आधीच दवाखान्यात पोचलोय असं वाटेल." रविवारपासून सगळ्यांच्या खिडक्यांत नाताळच्या दिव्यांच्या कमानी लागल्या आहेत. तुमच्या जुन्या खिडकीतही आहे. तिथे आता एक तरुण जोडपं राहतं. ते काहीच वाजवत नाही.

मी अजून त्याच कार्यालयात आहे. पाण्याच्या बिलांबद्दल ज्या तक्रारी येतात त्यांना उत्तरं लिहिते. टेबलाच्या खालच्या खणात काळे बूट असतात, साडेपाचला ते चढवून सरळ सभागृहाकडे निघते. मंगळवारी लहान सभागृह, शुक्रवारी मोठं, मधेच एखादं चर्च. सँडविच कोट ठेवण्याच्या खिडकीपाशी उभ्यानं खाते. शेजारच्या टेबलावरची काट्या म्हणते, "तुझं लग्न झालंय गं हेन्रिके. नवरा स्टेजवर असतो आणि दर आठवड्याला वेगळा असतो, एवढंच."

हे वेड बाबांकडून आलं. ते डोंगरातल्या एका लहान गावात चर्चचा ऑर्गन वाजवायचे. शाळेत जायच्या आधीच स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी मला अक्षरं आणि स्वरलिपी एकदमच शिकवली. ऐकणाऱ्याचीही कर्तव्यं असतात, असं ते सांगायचे. वेळेवर जायचं. खोकला घरी ठेवून जायचं. पहिली टाळी आपण वाजवायची नाही. आणि जो अजून शिकतो आहे त्याचं वाजवणं कानावर पडलं, तरी ते ऐकायचं नाही. ते त्याचं त्याला लखलाभ.

पहिल्या तीन गोष्टी मी कधी चुकवल्या नाहीत.

गेल्या रविवारी सकाळी अकराच्या कार्यक्रमाला तुम्ही होतात. नेहमीचे ओबोवादक आजारी पडले होते, म्हणून कार्यक्रमपत्रिकेत एक चिठ्ठी घातली होती, 'माथेस ओपित्स, रोस्टॉक'. तळमजल्यावरच्या झायफर्ट बाईंनी ती वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली. मी त्यांच्या शेजारीच होते. कुठल्या खुर्चीत, ते पुढे लिहिते.

तुम्ही ती ओळ वाजवलीत. इथे दुसऱ्या मजल्यावर शंभर वेळा घोटायचात, तीच. मी तिसऱ्या मजल्यावर, तुमच्या बरोबर डोक्यावर राहते, त्यामुळे ती मला पाठ आहे. रविवारी वरचा स्वर असा आला की पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी हातातली गोळी कागदातून सोडवायची थांबवली.

नंतर बाई म्हणाल्या, "चल, मागच्या दाराशी उभ्या राहू." मध्यंतरासाठी आणलेला केक त्यांनी खाल्ला नव्हता, रुमालात बांधून ठेवला होता. आम्ही वीस मिनिटं थंडीत उभ्या होतो. तुम्ही बाहेर आलात, आम्हाला पाहिलंत आणि म्हणालात, "नमस्कार, उहलिग. बऱ्या आहात ना?" मला म्हणालात. बाई हातभर अंतरावर होत्या. तुम्ही त्यांच्याकडे बघितलं नाही आणि पुढे गेलात.

ट्रॅममध्ये बाईंनी केकचा रुमाल मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "श्वास आता आधी घेतो तो. छान केलं." आणि रुमाल सोडून म्हणाल्या, "घे, केक खा. उद्यापर्यंत वाळेल."

मी तो खाल्ला.

श्री. ओपित्स, तुम्ही इथे होतात तेव्हा जिन्यातल्या सूचनाफळ्यावर ती चिठ्ठी मी लावली होती.

मला वाटतं तुम्हाला ती शब्दन् शब्द आठवत असेल, तरीही लिहिते, कारण आजवर ती मी मोठ्यानं कुणापुढे म्हटलेली नाही. 'दुपारी एक ते तीन ही इमारतीची शांततेची वेळ आहे. वादकांनीही ती पाळावी. आणि इतकं करून वरचा स्वर फाटतोच. सर्व रहिवाशांच्या वतीने.'

सर्व रहिवाशांना मी विचारलं नव्हतं. कुणालाच विचारलं नव्हतं.

मी सोमवारी आणि गुरुवारी घरून काम करते. तुमच्या वेळा मी अकरा दिवस टिपल्या होत्या. एकदा तुम्ही एक वाजून बारा मिनिटांपर्यंत वाजवलंत. ती बारा मिनिटं माझ्या बाजूची होती, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. पण खरं कारण ती नव्हेत. त्या आठवड्यात सभागृहात तुमच्या त्या ओळीचीच रचना होती. महिनाभर मी त्या संध्याकाळची वाट पाहत होते. ती ओळ आली तेव्हा स्टेजवरचा स्वर मला ऐकूच आला नाही. मी तुमच्या फाटलेल्या स्वराची वाट बघत बसले होते. तुम्ही माझी संध्याकाळ नासवलीत असं मला वाटलं. तरी तेव्हा रागात लिहिलं असतं तर एक वेळ समजलं असतं. मी दुसऱ्या दिवशी कार्यालयात, सकाळच्या कॉफीनंतर, थंड डोक्यानं ती टाइप केली. तक्रारींची उत्तरं लिहून हात सरावलेला होताच. शांततेच्या वेळेवर थांबायला हवं होतं. शेवटचं वाक्य कशाला घातलं? मला संगीतातलं कळतं, हे कुणाला तरी दिसावं म्हणून.

आणि तुम्हाला ते दिसलं. फक्त माझं म्हणून नाही.

तो शनिवार मला रोज आठवतो. मी बेकरीतून पाव घेऊन येत होते, तुम्ही फळ्यापुढे उभे होता. निवड-परीक्षेला नऊ दिवस राहिले होते. तुम्ही विचारलंत, "उहलिग, तुम्ही इतकं ऐकता. खरं सांगा, फाटतो का?"

मी म्हणाले, "माझं कधी लक्ष नव्हतं."

तुम्ही म्हणालात, "हे बाईंचंच. इथे असा कान आहे कुणाला दुसरा?"

मी म्हणाले, "पाव गार होतोय," आणि वर गेले.

चाळीस वर्षं संगीतशाळेत शिकवलेली बाई, आणि कान म्हणजे त्यांचाच कान. सगळी इमारत ते धरूनच चालली. बाई जिन्यात एकदाच म्हणाल्या, "मी लिहिलेलं नाही ते." त्यावर ग्लेझर म्हणाले, "बाई, तुम्ही मास्तरकी सोडलीत, पण मास्तरकीनं तुम्हाला सोडलं नाही." सगळे हसले. मीही हसले. त्यानंतर बाईंनी जिन्यात तो विषय काढला नाही.

तुम्ही तळघरात सायकलींच्या मधे सराव करू लागलात. खिडकीच्या जाळीतून तो रस्त्यावर ऐकू यायचा. परीक्षेत रोस्टॉकला तुमची निवड झाली, हे ग्लेझरांकडून कळलं. तुम्हाला पडद्यामागून वाजवावं लागलं, ऐकणाऱ्यांना नाव कळू नये म्हणून. नाव लपवण्याचा तो एक चांगला उपयोग मी ऐकला आहे. एप्रिलमध्ये तुम्ही गेलात. बाईंच्या दारावर टकटक न करता.

आता खुर्चीचं. बाईंच्या वार्षिक तिकिटात दोन जागा आहेत, नववी रांग, चौदा आणि पंधरा. पंधरा त्यांच्या यजमानांची. ते गेल्यावर बाई तुम्हाला न्यायच्या. त्या सप्टेंबरात त्यांनी माझं दार वाजवलं. "हेन्रिके, तू नाहीतरी उभ्यानं ऐकतेस. पंधरा नंबर रिकामा ठेवायचा नाही असं मी ह्यांना म्हटलं होतं." मी नाही म्हणायला हवं होतं. शेवटच्या रांगेत बसून ऐकायचीही लायकी मी घालवली होती, आणि मला नववी मिळाली. मी होय म्हणाले. गेले पंधरा महिने मी तुमच्या जागेवर बसते आहे, बाईंचा केक खाते आहे, आणि प्रत्येक वेळी त्या विचारतात, "तुला काही ठाऊक आहे का गं, मी त्याला कशानं दुखावलं?" दर वेळी मी कोटाची बटणं लावत असते.

मंगळवारी संध्याकाळी मी कार्यक्रमाला गेले नाही. बाईंकडे गेले. त्या अक्रोड फोडत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं, बसले असते तर सांगितलं नसतं. बाईंनी अडकित्ता खाली ठेवला.

"वरचा स्वर फाटतो, असं तुला वाटलं?"

"हो."

"स्वर फाटत नव्हता," त्या म्हणाल्या. "श्वास एक ओळ आधी संपत होता. वर पोचेपर्यंत त्याच्याकडे काही उरत नव्हतं. मी लिहिलं असतं तर श्वासाचं लिहिलं असतं." मग अडकित्ता पुन्हा उचलत, "आणि खाली नाव लिहिलं असतं. एवढंही कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्याच्यासुद्धा."

मी क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "आज नको. आज मला राग आलाय, तो मला नीट येऊ दे." मी दाराशी पोचले तेव्हा त्यांनी हाक मारली. "जानेवारीचं तिकीट आण खाली."

मी आणलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही. "त्याला पाठव. काय झालं ते तूच लिही, माझ्या नावानं एक अक्षरही लिहू नकोस. तो आला तर आला. नाही आला तर ती जागा त्या दिवशी रिकामी राहील. आमच्या ह्यांना मी समजावीन."

तिकीट सूचीपत्रांच्या मधे ठेवलं आहे, जपून उघडा. १२ जानेवारी, रविवार, सकाळी अकरा. नववी रांग, पंधरा.

तुम्ही यावं असं मी सांगू शकत नाही, तो अधिकार मला नाही. एवढंच सांगते की बाई चौदा नंबरवर असतील, आणि त्यांनी तुमच्याबद्दल कधी काही लिहिलेलं नाही. मी त्या दिवशी सभागृहात नसेन.

काल सकाळी कार्यालयाला जायच्या आधी मी फळ्यावर दुसरी चिठ्ठी लावली. हातानं लिहिली, म्हणजे अक्षर ओळखू येईल. पहिली चिठ्ठी कुणी लिहिली आणि बाईंनी लिहिली नव्हती, इतकंच आहे तीत. संध्याकाळी ग्लेझर काठी टेकत तिच्यापुढे उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मग मी बाईंकडे काय तोंड घेऊन जाऊ?"  आज सकाळी त्यांच्या काठीचा आवाज तळमजल्यावर बाईंच्या दाराशी बराच वेळ थांबला होता. मग दार उघडल्याचं ऐकू आलं. पुढचं मी ऐकलं नाही, वर निघून आले.

तुम्हाला मला उत्तर लिहायची गरज नाही. लिहायचं असेल तर बाईंना लिहा.

कुणाच्याही वतीने नव्हे,
हेन्रिके उहलिग
तिसरा मजला, डावीकडचं दार