मांजरसुंब्याची शपथ

वनमाला,

सरपंचकीला तू एका मतानं पडलीस. ते मत माझं होतं, तुझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं.

साखर कारखान्यावरून आमा तोडकऱ्यांना मतदानाला आणायला तुझ्याविरुद्ध उभ्या विजयसिंहाची गाडी आलती. मांजरसुंब्याच्या धाब्यावर त्यानं जेवू घातलं, मग एकेकाच्या हातावर भंडारा ठेवून त्यालाच मत द्यायची शपथ घ्यायला लावली. मी बी घेतली. मतदानाच्या खोलीत आत कुणी बघत नव्हतं. तुझ्या शिलाई मशीनच्या चिन्हावर बोट गेलतं, पण तळहात पिवळा दिसला आन् घाबरून त्याचंच बटण दाबलं.

निकालाच्या दिशी तू गळ्यात पडून म्हणलीस, "अक्के, आपलीच माणसं फिरली, तू तेवढी राहिलीस." मी पदरानं तुझं डोळं पुसलं. वर विजयसिंहाला शिव्या बी घातल्या.

ऊसतोड्यांच्या लेकरांसाठी तू गावात वसतिगृह करणार होतीस. आज माझी नात शाळा सोडून फडात उसाच्या शेंड्यांचं वाढं गोळा करती. काल विचारलं तिनं, "मावशीआजीचं वसतिगृह कवा उघडणार?" मी तिच्यावरच खेकसले.

हा कागद तुला धाडायची छाती न्हाई. देव कोपल म्हणून भ्याले, पण त्या घडीला तू कावून आठवली न्हाईस गं?

जिला तू अजून आपली म्हणतीस ती,
केसर