डबा रिकामा परत करू नये

मी, क्षिप्रा विश्वनाथ टिळेकर, वय २६, राहणार करोल बाग, नवी दिल्ली, प्रथम एक चूक दुरुस्त करते. २० फेब्रुवारीच्या मृत्युपत्रात मी ‘माझा स्टीलचा डबा’ धाकटा भाऊ अर्णव याच्या नावे केला होता. तो डबा माझा नाही. झाकणावर ‘सौ. कुसुमावती बर्वे’ असं कोरलेलं आहे. दुसऱ्याची वस्तू देण्याचा मला हक्क नाही. म्हणून ते मृत्युपत्र रद्द समजावं व हेच अखेरचं मानावं.

गुरुवारी, १२ मार्चला माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. काळजी मला सवयीनेच वाटते. बुद्धी शाबूत आहे. कोणाचा दबाव नाही.

१. बँकेतली शिल्लक व लॅपटॉप अर्णवला. त्यानं शिक्षण अर्ध्यावर सोडू नये. ही अट नाही, विनंती आहे.

२. आईचं शिलाई मशीन अश्लेषाला. आम्ही एकाच खोलीत राहतो. जिन्यात मला दम लागला की ती चपलेचा पट्टा नीट करत थांबते. तिला वाटतं, मला कळत नाही.

३. विलासमामांना मिठाची एक पिशवी. आईच्या तेराव्याला जेवून ते सगळ्यांदेखत म्हणाले, “वरण अळणी झालंय, बरं का!” वरण मी केलं होतं. तेव्हा मी शाळेत होते.

४. डबा. तेव्हा आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी घरात राहत होतो. आई गेली त्या दिवशी शेजारच्या कुसुमावतीकाकू त्यातून पिठलं-भात घेऊन आल्या. “रडायचंय ना? दोन घास खा आणि मग रड. मी बसते इथं.” त्या बसल्या.

आईनं मला घरीच अक्षरं शिकवली, आणि हेही शिकवलं, की शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी. पण त्या पिठलं-भाताच्या बदल्यात नुसती साखर घालायला हात धजेना, आणि मामांच्या बोलण्यानंतर माझ्या हातचं काही द्यायचा धीर होईना. पुढे बाबा निवृत्त झाले, घर सुटलं, बाबाही गेले. रिकामा द्यायचा नाही म्हणून डबा दिलाच गेला नाही. काकूंनी कधी मागितला नाही.

त्या आता पानिपतला लेकीकडे, संपदाताईंकडे असतात. परवा फोन केला. संपदाताई म्हणाल्या, “तिला माणसं ओळखू येत नाहीत गं,” आणि तरी फोन दिला.

“काकू, तुमचा डबा माझ्याकडे राहिलाय.”

“अच्छा, तुझ्याकडे होय! मी घरभर शोधतेय. चलो, आण लवकर. शेजारच्या वासंतीची पोर उपाशी बसलीय. आई गेली गं तिची.”

वासंती माझी आई. ती पोर मीच, हे मला सांगता आलं नाही. “आणते,” म्हटलं.

५. शिरा मी करायला शिकले आहे. डबा भरून मी स्वतः नेणार आहे. ते न जमल्यास अर्णवनं न्यावा, भरूनच. काकूंना कशाची आठवण करून द्यायचा प्रयत्न करू नये. पोर जेवली, एवढंच सांगावं.

सही: क्षिप्रा वि. टिळेकर
साक्षीदार: हेमलता जोगदंड, धीरज अरोरा. दोघांसमक्ष सही केली. दोघांनाही यातून काही मिळणार नाही.
स्थळ: करोल बाग. दिनांक: ५ मार्च २०२६

पानिपतला जाण्याचा दिवस: रविवार, ८ मार्च.