पितृपक्षातले गर्भाधान

सुदामा नगर, इंदूर
आश्विन वद्य द्वितीया

श्रीमंत मालोजीराव, माजी जमादार, गिरणीचे मुख्य फाटक, यांस चिंतामणाचा साष्टांग नमस्कार (गुडघे परवानगी देतील तेवढाच). बडोद्याची हवा तुम्हांस मानवते ना, रक्तदाब जागेवर आहे ना, चि. निवेदिता बापाला वेळेवर जेवू घालते ना? सविस्तर कळवावे. पुढचा मजकूर मात्र बसून वाचावा.

प्रथम माझी फिर्याद. बावीस वर्षे माझी आरामखुर्ची पंख्याखाली होती. हल्ली तिथे ॲल्युमिनियमचा एक पोटफुगा हंडा विराजमान आहे, आणि मी धान्याच्या कोठीला टेकून. हंड्याला वाऱ्याची गरज नाही; त्याच्या पोटात पातळ नायट्रोजन आहे, ज्याच्यापुढे बर्फ म्हणजे कढत पाणी. पण आमचे चिरंजीव मनीष म्हणतात, "बाबा, उसको हिलाना मत." बापाला हलवलेले चालते.

त्या हंड्यातून तुमचा शार्दूल आमच्या घरी आला. देहाने तो होळीलाच गेला (तेव्हा कळवले होतेच), परंतु सिमरोलच्या गुरांच्या दवाखान्यातल्या पूर्णिमा डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हयातीतच त्याचे रेत गोठवून, बैलांच्या शेजारी, दोन कांड्यांत ठेवून दिले होते. कांडी म्हणजे आपल्या मागावरची नव्हे. पेनातल्या रिफिलीएवढी नळी. तुमच्या पणजोबांनी दरबारच्या शिकारीसाठी पाळलेल्या कुत्र्यांचा वंश दोन रिफिलींत शिल्लक, हे ऐकून मला वैराग्य आले आणि मनीषला कामधंदा मिळाला. गिरणी बंद झाल्यापासून, कापडाच्या घडी खात्यातला हा पोरगा तीन वर्षे घरात जेवढे बोलला असेल, तेवढे तो आता जाई नावाच्या कुत्रीशी एका सकाळी बोलतो. जाई याच जातीची, कमरेने बारीक, स्वभावाने तुमच्यासारखी तिरसट.

तर ही जाई माजावर आली ती नेमकी पितृपक्षात. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून दिवस काढला मंगळवार, भाद्रपद वद्य षष्ठी. त्याच दिवशी आमच्या वडिलांचे श्राद्ध. आमच्या सौ. शांताने स्पष्ट सांगितले की पितृपक्षात लोक नवी चप्पल घेत नाहीत, आणि तुम्ही घरात हे काय मांडता? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पंडितजी, कुत्री पंचांग नहीं देखती. बुधवारी काही उपयोग नाही." सगळे माझ्याकडे पाहू लागले. संस्कृतचा असा उपयोग होईल असे वेदशाळेत कोणी सांगितले नव्हते. मी थोडा विचार करून निर्णय दिला की प्रस्तुत प्रकरणी वर स्वतःच दिवंगत आहे. सबब हे मंगलकार्य नसून पितृकार्य आहे, आणि त्याला पितृपक्षाइतका उत्तम काळ नाही. श्लोकही म्हणून दाखवला. शांताने श्राद्धाच्या सामानाची यादी करायला घेतली.

मंगळवारी स्वयंपाकघरात वडे तळले जात होते, ओसरीवर गुरुजी येऊन टेकले होते, आणि मधल्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी हंड्याचे झाकण काढले. पांढरा धूर जमिनीवरून सरपटत ओसरीवर गेला. गुरुजींनी (त्यांना वाटले धूप) हात जोडले. बाईंनी पहिली कांडी काढून कोमट पाण्याच्या तांब्यात सोडली. अर्धा-एक मिनिट ठेवायची होती. तेवढ्यात जाईने पट्ट्यातून मान सोडवली, कारण श्वानबलीचे पान तिच्या नाकाच्या टप्प्यात आले होते. बाई आणि मनीष तिच्यामागे धावले. मागे वळून पाहतात तो तांब्या गायब.

शांताने गुरुजींचे पाय धुवायला कोमट पाणी ठेवायला कोणाला तरी सांगितले होते. समोर दिसला तो तांब्या तिने उचलला. तुमच्या पणजोबांचा अर्धा वंश गुरुजींच्या चरणांवरून मोरीत गेला. गुरुजी म्हणाले, पाणी फार सुखकर होते.

मनीष मोरीपाशी उकिडवा बसून राहिला. मग बाईंनी दुसरी कांडी काढली, आणि या खेपेला तांब्या मीच दोन्ही हातांनी धरून बसलो, थेट उपनयनातल्या बटूसारखा. उरलेले कार्य यथासांग झाले. त्यानंतर श्राद्धही झाले. वडे छान होते. एकंदरीत आम्ही मजेत आहोत. जाई भरपूर खाते, दिवसभर झोपते आणि शांता तिला डोहाळे विचारते.

आपला,
चिंतामण

ता. क. तो श्लोक कोणत्याही स्मृतीत नाही. मी न्हाणीघरात रचला. शांतेस कळवू नये.

ता. क. २. तुम्ही मागे लिहिले होते की निवेदितेच्या फ्लॅटमध्ये कुत्रे ठेवता येत नाही, तरी शार्दूलला कधी पिल्ले झाली तर कळव. आता विनंती अशी की मनीष फोन करेल तेव्हा एक पिल्लू तुमच्यासाठी राखून ठेवायला सांगा. नंतर नेले नाहीत तरी चालेल, मी सांभाळीन.

ता. क. ३. गुरुवारी सोनोग्राफी आहे. काही निघाले नाही तरीही फोनवर हेच सांगा, की पुढच्या खेपेचे पिल्लू माझे, जाईला दुसरा नर बघ. मालोजीराव, वंशाचे मला काही वाटत नाही. पोरगा पुन्हा बोलायचा थांबेल, याची मला भीती वाटते.