बेलीची हाक

९ फेब्रुवारी, सस्काटून

आज पुन्हा आपटलो. डाव्या कोपऱ्यात, मैदानाभोवतीच्या फळीवर, खांद्यासकट. आणि आमचा गोलरक्षक बेली ओरडला होता – ‘वेळ आहे!’

एकदा कागदावर मांडून ठेवतो, म्हणजे डोकं शांत होईल. पक, आइस हॉकीतली ती रबरी चकती, आणायला कोपऱ्यात जातो तेव्हा माझं तोंड फळीकडे, पाठ अख्ख्या बर्फाला. मागून कोण येतंय, किती जवळ आलंय, मला दिसत नाही. ते गोली बघतो आणि ओरडतो. ‘वेळ आहे’ म्हणजे वळ, बघ, मग पास दे. ‘आला’ म्हणजे पक टाक आणि अंग सांभाळ. बचाव खेळणाऱ्याला दुसरा इलाजच नाही. नऊ हंगाम मी बेलीच्या हाकेवर काढले.

ड्रेसिंग रूममध्ये पोरांना मजा. ‘नॅटीकाका, फळीला फार लागलं नाही ना?’ मीही हसलो. सदतिसाव्या वर्षी हसणं कामातच मोडतं.

११ फेब्रुवारी

बसने सबंध सकाळ. मग हॉटेल, मग सामन्याआधीची दुपारची झोप.

सगळ्यात जुन्या खेळाडूंना स्वतंत्र खोली मिळते. मान असतो तो. या हंगामापासून मला मिळाली, बेलीलाही. त्याआधी आम्ही एकाच खोलीत. त्याच्या घोरण्याला मी इतक्या शिव्या दिल्यात! आता ते घोरणं भिंतीपलीकडून येतं. मी उशी भिंतीजवळ ओढून घेतो.

हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

१३ फेब्रुवारी

पुन्हा. ‘वेळ आहे’ – आणि बरगडीत कोपर.

१४ फेब्रुवारी

माझे पाय कधीच खास नव्हते. कुठल्याच संघाने मला निवडलं नव्हतं. गव्हाच्या गावातून स्वतःची बॅग स्वतः ओढत चाचणीला आलो. कुणी थांब म्हणालं नाही, जा पण म्हणालं नाही, म्हणून राहिलो. पाय नव्हते, पण कान होते. स्केटचं पातं बर्फात कसं रुततं त्यावरून मी सांगतो कोण दमलाय, कोण दमल्याचं सोंग करतोय.

आज सरावात बेलीकडे कान देऊन होतो. शॉट आला की तो गुडघ्यांवर पडतो. पूर्वी दोन्ही गुडघ्यांचा मिळून एक ठोका ऐकू यायचा. आता दोन येतात. एक गुडघा, मग दुसरा.

चाळिशी लागलीय त्याला. गुडघे गेले म्हणजे डोळेही गेले असणार. माझ्या आपटण्याचं कारण सापडलं. आनंद व्हायला हवा होता असं नाही, पण थोडा झाला.

१७ फेब्रुवारी

बेलीबरोबर कॉफी, डोनट. सहज विचारल्यासारखं केलं.

‘डोळे तपासलेस का रे इतक्यात?’

‘का? तू देखणा दिसायला लागलास म्हणून?’

‘मी दोनदा फळीत गेलो, बेली. तुझ्या हाकेवर.’

तो डोनटची साखर बोटाने टिपत बसला. मग म्हणाला, ‘पक लवकर टाकत जा, नॅटी. वळत बसू नकोस.’

‘तू आधी ओरड, मग टाकतो.’

‘बरं,’ म्हणाला. एवढंच. एरवी दहा टोमणे आले असते.

२० फेब्रुवारी

कोच डॅरिलने बोलावलं. दार लावून घेतलं तेव्हाच कळलं.

‘दुसऱ्या एका संघाला अनुभवी गोली हवाय. ट्रेडची, खेळाडूंच्या अदलाबदलीची, मुदत संपत आलीय. आणि हे बघ, पुढच्या हंगामात मला दोन म्हातारे परवडणार नाहीत. एक ठेवीन.’

मी खुर्ची ओढून बसलो.

‘बेलीला पक दिसतोय का? तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार? उन्हाळ्यात तुझा करार करताना मी तुझ्याबद्दलही त्यालाच विचारलं होतं.’

‘दिसतोय’ – एवढाच शब्द पुरला असता. मी म्हणालो, ‘ते तुम्ही त्यालाच विचारा.’

आमच्या ड्रेसिंग रूममध्ये या उत्तराचा एकच अर्थ होतो – नाही. डॅरिलने मान हलवली. मी बाहेर येऊन स्टिकला टेप गुंडाळत बसलो. चांगली गुंडाळलेली टेप सोडून पुन्हा गुंडाळली.

२६ फेब्रुवारी

बेली गेला. सराव संपता संपता बातमी आली. त्याने सगळ्यांशी हात मिळवले. बर्फाकडे जाणाऱ्या बोगद्यात फ्रीसनशी बराच वेळ बोलत उभा होता. फ्रीसन म्हणजे आमचा दुसरा गोली. आता पहिला. एकवीस वर्षांचा, अजून नीट मिशा फुटायच्यात.

बेली मला म्हणाला, ‘आता तुझ्या भिंतीपलीकडे कोण घोरणार?’

म्हणजे माहीत होतं त्याला.

ड्रेसिंग रूमच्या कोपऱ्यातली त्याची जागा रिकामी आहे. कुणी तिथे हातमोजासुद्धा ठेवत नाही.

१ मार्च

हॉटेल. दुपारची झोप लागली नाही. फार शांत.

४ मार्च

फ्रीसनचा आवाज खणखणीत, डोळे ससाण्याचे. आज दोनदा ओरडला ‘वेळ आहे!’ दोन्ही वेळा मी फळीत. दुसऱ्या वेळी पक गेला, गोल झाला, आम्ही हरलो.

डॅरिलने चित्रण दाखवलं. पोरगा ओरडला तेव्हा समोरचा गडी निळ्या रेषेपाशी होता. केवढा लांब! कुणीही आरामात वळला असता. पडद्यावर एक जाडा माणूस वळतोय, वळतोय, अजून वळतोच आहे.

डॅरिलने तेच चित्रण पुन्हा लावलं.

‘बर्फ मऊ होता,’ मी म्हणालो.

५ मार्च

सराव संपल्यावर फ्रीसन शेजारी येऊन बसला. ‘कालची चूक माझी, नॅटी. बेलीने जाताना बजावलं होतं – “‘आला’ हे बाकीच्यांना गडी बघून ओरड, नॅटीला तो लांब असतानाच. मी तीन वर्षं तसंच करतोय, हल्ली तेही पुरेना, तू अजून आधी ओरड. आणि त्याला कळू देऊ नकोस.” मी विसरलो. दोन्ही विसरलो.’

बुटांच्या नाड्या सोडत होतो. सुटेनात.

उन्हाळ्यात डॅरिलने माझ्याबद्दल विचारलं, तेव्हा बेली काय म्हणाला असेल, ते आता कुणाला विचारायला नको.