लेकीची खोली

४ जून, गुरुवार

दर गुरुवारसारखा आजही लेकीकडे जाऊन आलो. तिच्या दाराला नवं कुलूप बसवलं. जन्मभर किल्ल्या घासल्या, निदान पोरीच्या कामी आल्या! जावयाच्या माराला कंटाळून निघाली, तेव्हापासून तिचा पत्ता फक्त मला ठाऊक. मुलालाही सांगितलेला नाही. जिन्यात दम लागला. पण डॉक्टरांनीच चालायला सांगितलंय, आणि मोबाइल पावलं मोजून शाबासकी देतो.

९ जून

सुनेने मोबाइलवर आलेलं पत्र वाचून दाखवलं. पावलं मोजणाऱ्या कंपनीतून लोकांची माहिती चोरीला गेली. कंपनी दिलगीर आहे. विचारलं, माझं काय गेलं? म्हणाली, तुम्ही कधी कुठे गेलात, एवढंच. मुलगा हसला — बाबांच्या पाळतीवर कोण राहणार? मीही हसलो. पत्र मात्र पुन्हा वाचायला लावलं.

१० जून

मोबाइलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने इंटरनेटवर चोरीच्या यादीत माझा नंबर टाकला. कुणीही टाकावा आणि बघावं, सगळं उघड्यावर पडलंय म्हणे. नकाशावर तांबड्या रेघा. घर, बाजार, दवाखाना. एका टोकाला जाड ठिपका, शेजारी अक्षरं — लेकीची खोली.

ती मीच लिहिली होती! नेहमीच्या जागांना नावं द्या, असं मोबाइलने विचारलं होतं. विचारतोय तर सांगावं, एवढंच मनात आलं. चौथी शिकलेल्या माणसाला अक्षरं उमटली याचंच कौतुक.

म्हटलं, पुसून टाका.

"काका, तुमच्याकडचं पुसतो. बाहेर गेलेलं कसं पुसू?"

११ जून, गुरुवार

गेलो नाही. फोनवर तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली,

"आत्ता कुठे काम लागलंय. आणखी कुठे पळू, बाबा?"

कुलूप नीट लाव म्हटलं.

१२ जून

चौकीत गेलो. साहेबांनी विचारलं, जावई आला का तिथे? नाही म्हटलं. म्हणाले, मग आल्यावर या.

१८ जून, गुरुवार

मोबाइल बंद करून पत्र्याच्या डब्यात ठेवला. सून म्हणते, काय हा पोरखेळ. पाय सारखे चपलांकडे वळत होते. गेलो नाही.

१९ जून

मोबाइल डब्यातून काढून सुरू केला, तोच वाजला. जावई. आवाज अगदी गोड.

"बाबा, काल गुरुवार चुकवलात. ती जिन्याकडे डोळे लावून बसली होती."