पोचल्याचा फोन

मंगळवार, दिवेलागण

बोरी अरब गावातल्या घरी बसून मी अंदमानातल्या रिसॉर्टचे पाहुणे फोनवरून बोटीत बसवून देते. समुद्र काही पाह्यला नाही. प्रत्येकाले मेसेजात शेवटी लिहायची, ‘पोचले की कळवा.’ आई मले सांगे तसंच. रिसॉर्टचे साहेब चिडले, "लोकाइले कायले तरास देता?" तवापासून बंद. आता फक्त बोटवाले सलीमभाई रोज सांगतात, "सब पहुँच गये, मॅडम."

आज दारव्ह्याहून जीपनं आली, कुलूप उघडलं. आई गेल्यापासून पोचली का, हे विचारणारं कोणी नाही. तेवढ्यात सलीमभाईंचा फोन. तोंडातून निघूनच गेलं, "मैं भी पहुँच गई घर." काहून बोलली असीन?

ते म्हणाले, "अच्छा किया, बता दिया."

मंग कुठं मी पायातली चप्पल काढली.